यकृताचा अवघड कोपरा

यकृतावर सुरी चालवायची म्हटली की सर्जनच्या मनात पहिली धास्ती असते ती रक्ताची. मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त या एका अवयवातून वाहते. ग्लासगोच्या जेम्स हॉगर्थ प्रिंगल यांनी १९०८ साली यकृताकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या काही मिनिटे दाबून धरण्याची युक्ती सांगितली. ती आजच्या रोबोटिक शस्त्रक्रियेतही वापरतात.

फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी १९५७ मध्ये यकृताचे आठ भाग पाडून दाखवले. त्यातले सातवा आणि आठवा फार छळतात. ते श्वासपटलाच्या खाली, बरगड्यांच्या आड असतात. कर्करोगाची गाठ तिथे असली तर दुर्बिणीच्या सरळ अवजारांनी काम करणे म्हणजे बरणीच्या तळाचे लोणचे लांब दांड्याच्या चमच्याने काढणे. म्हणून पोट मोठे उघडावे लागे. रोबोटची खरी कमाई या कोपऱ्यात आहे. त्याच्या अवजाराचे टोक मनगटासारखे वळते, हाताचा कंप गाळला जातो आणि पोटातले दृश्य मोठे, त्रिमितीत दिसते.

यंत्र स्वतः काहीच कापत नाही, हे मात्र पक्के ध्यानात ठेवावे. सर्जन त्याच खोलीत कन्सोलवर बसून बोटे हलवतो आणि आठ मिलिमीटरची अवजारे पोटात तशीच हलतात. गाठ असलेल्या भागाचा रक्तपुरवठा आधी बंद करतात, मग शिरेतून इंडोसायनिन ग्रीन हे रंगद्रव्य देतात. कॅमेरा अवरक्त प्रकाशावर नेला की उरलेले यकृत हिरवे उजळते आणि काढायचा भाग काळा राहतो. त्या सीमेवरून पेशीजाल थोडे थोडे चिरडत जायचे, मध्ये लागणाऱ्या वाहिन्यांना क्लिप लावायची. सुटलेला तुकडा पिशवीत घालून ओटीपोटावरच्या छोट्या छेदातून बाहेर काढतात.

उणिवाही आहेत. बहुतेक यंत्रांत हाताला स्पर्श कळत नाही, त्यामुळे खोलवरची गाठ शोधायला यकृतावरच सोनोग्राफीचा प्रोब टेकवावा लागतो. रक्तस्राव आवरला नाही तर पोट उघडावेच लागते, आणि तसे वेळेवर ठरवणारा सर्जन मला रोबोटपेक्षा मोलाचा वाटतो. जखम लहान, मुक्काम कमी, हे फायदे खुल्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत खरे आहेत. पण रोबोटमुळे रुग्ण जास्त जगतो, असे जाहिरातीत वाचले तर विश्वास ठेवू नका. खर्चही जास्त येतो.

शिवाय सिरॉसिस झालेल्या यकृताचा साधारण ४० टक्के भाग तरी मागे ठेवावा लागतो. गाठ उशिरा सापडली की तेवढा हिशेब जमत नाही आणि मग कोणतेही यंत्र कामी येत नाही. घरात कुणाला सिरॉसिस किंवा जुनाट हिपॅटायटिस बी असेल, तर दर सहा महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करावी का, हे डॉक्टरांना आजच विचारा.