कैरोचं वार्तापत्र : फेरोंची तपासणी आणि आपली

कैरो, इजिप्त.

कळंबहून फोन आला की ख्यालीखुशाली झाल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ममी पाहिली का? पाहिली. पण इथं राहू लागल्यापासून मला ममीपेक्षा ममी तपासणाऱ्यांचं कुतूहल जास्त वाटू लागलंय. तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी गेलेला राजा कशानं मेला, याचा शोध आज कोण घेतंय, कसा घेतंय? या वेळी तेच लिहितो. पत्र शेवटपर्यंत वाचा, कारण निघालेलं काम आपल्याच तालुक्याचं आहे.

जुन्या पुस्तकांत वाचलेलं असतं की राजांच्या ममी तहरीर चौकातल्या गुलाबी संग्रहालयात आहेत. आता त्या तिथं नाहीत. 3 एप्रिल 2021 च्या संध्याकाळी 18 राजे आणि 4 राण्या अशा 22 ममींची मिरवणूक निघाली. नायट्रोजन भरलेल्या पेट्या, त्या वाहणाऱ्या होड्यांसारख्या सजवलेल्या गाड्या, प्रत्येक गाडीवर त्या-त्या राजाचं नाव. फुस्तातच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयाच्या दारात खुद्द राष्ट्राध्यक्ष उभे होते आणि 21 तोफांची सलामी झाली.

फुस्तात ही अरबांनी सातव्या शतकात वसवलेली इजिप्तची पहिली राजधानी. हाकेच्या अंतरावर जुनी मशीद आहे, जुनी चर्च आहेत. इजिप्तच्या लोकांचा धर्म बदलला, भाषा बदलली. आमुन देवाला आज इथं कुणी हात जोडत नाही. तरीही हे राजे 'आमचे' आहेत याबद्दल टॅक्सीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत कुणाच्या मनात शंका नाही. मृतांचं प्रदर्शन मांडावं का, हा वाद मात्र जुना आहे. 1980 मध्ये राष्ट्राध्यक्ष सादात यांनी मृतांचा मान राखायचा म्हणून ममींचं दालन बंद करवलं, ते 1994 मध्ये पुन्हा उघडलं. आजही फुस्तातच्या ममींच्या दालनात फोटो काढू देत नाहीत. चिंतामणीच्या दर्शनाला आपण पायऱ्या उतरून खाली जातो, तसं इथंही उतरून खाली जावं लागतं. आत अंधार, काळ्या भिंती आणि काचेच्या पेट्यांत एकेक राजा. शाळेची पोरंसुद्धा इथं आली की आवाज खाली आणतात.

एक गोष्ट कापूसवाल्या गावाला सांगण्यासारखी आहे. इजिप्तचा कापूस जगात नावाजलेला. 1860 च्या दशकात अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा इजिप्त आणि वऱ्हाड या दोघांच्याही पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. पण ममीला गुंडाळलेलं कापड कापसाचं नाही. ते लिननचं आहे, म्हणजे ज्याची आपण चटणी खातो त्या जवसाच्या काडीतून निघणाऱ्या धाग्याचं.

यातले बहुतेक राजे असे एकत्र सापडले कसे? त्यांच्या मूळ कबरी प्राचीन काळीच लुटल्या गेल्या होत्या. मग पुरोहितांनी उरलेली शरीरं पुन्हा गुंडाळली आणि डोंगरातल्या गुप्त जागी एकत्र लपवली. लुक्सरजवळच्या कुर्ना गावातल्या अब्द अल-रसूल कुटुंबाला अशी एक जागा सापडली. काही वर्षं त्यांनी तिथल्या वस्तू गुपचूप विकल्या, शेवटी 1881 मध्ये बिंग फुटलं आणि ममी कैरोला आल्या. दुसरा साठा 1898 मध्ये राजांच्या दरीत, दुसऱ्या आमेनहोतेपच्या कबरीत मिळाला.

त्या काळची तपासणी म्हणजे पट्ट्या सोडायच्या, नाहीतर सरळ कापायच्या. तुतनखामेन या तरुण राजाची कबर उत्खनन करणाऱ्या हॉवर्ड कार्टरला नोव्हेंबर 1922 मध्ये सापडली. तीन वर्षांनी पेटी उघडली तेव्हा अंगावर ओतलेल्या राळेमुळे शरीर तळाला घट्ट चिकटलेलं होतं. ते काढताना त्याचे तुकडे करावे लागले. सोन्याचा मुखवटा जगानं डोक्यावर घेतला, पण ज्याचा तो मुखवटा होता त्या पोराची ही दशा झाली.

आता ममीला हात न लावता काम चालतं. रुग्णालयात असतं तेच सीटी स्कॅनचं यंत्र. क्ष-किरणांची नळी शरीराभोवती फिरते, मिलिमीटरच्या हिशेबात काप घेते आणि संगणक ते काप जोडून शरीर पुन्हा उभं करतो. लिनन एका घनतेचं दिसतं, हाड दुसऱ्या, राळ तिसऱ्या आणि सोनं लख्ख पांढरं. लांब हाडांची टोकं जुळली आहेत का, अक्कलदाढ कुठवर आली आहे, यावरून वय कळतं. कटीच्या हाडावरून बाई की पुरुष ते ठरतं. पहिल्या आमेनहोतेपची ममी तिच्या सुंदर वेष्टनामुळे आधुनिक काळात कुणी सोडलीच नव्हती. 2021 मध्ये ती संगणकाच्या पडद्यावर 'सोडली' गेली. वय सुमारे 35, उंची 169 सेंटिमीटर, दात शाबूत आणि पट्ट्यांच्या आत 30 ताईत व अलंकार. या कामामागे कैरो विद्यापीठाच्या रेडिओलॉजीच्या प्राध्यापक डॉ. सहर सलीम आणि पुरातत्त्वज्ञ डॉ. झाही हवास आहेत.

त्यांच्या कामातली तिसऱ्या रामसेसची गोष्ट पोलिसी तपासाच्या तोडीची आहे. इ.स.पू. 1155 च्या सुमारास तो मेला. इटलीतल्या ट्यूरिनच्या संग्रहालयात त्या काळच्या खटल्याचा पपायरस आहे. एका धाकट्या राणीनं आपला मुलगा पेंतावेरे याला गादीवर बसवण्यासाठी अंतःपुरात कट रचला, कटवाल्यांना शिक्षा झाल्या, मुलाला स्वतःचा जीव घ्यावा लागला, असं त्यात आहे. पण राजा कटात मेला की वाचला, हे त्यातून स्पष्ट होत नाही. ममीकडून उत्तर मिळालं नाही, कारण तिच्या गळ्याभोवती लिननची जाड पट्टी होती आणि ती काढता येत नव्हती.

शेवटी स्कॅननं पट्टीच्या आत पाहिलं, निष्कर्ष 2012 मध्ये छापून आला. स्वरयंत्राच्या खाली सुमारे सात सेंटिमीटरचा घाव होता, मानेच्या मणक्यांपर्यंत गेलेला. श्वासनलिका, अन्ननलिका, रक्तवाहिन्या सगळं तुटलेलं. असा माणूस क्षणभरही जगत नाही. जखमेच्या आत होरस देवाच्या डोळ्याचा छोटा ताईत होता. परलोकात तरी जखम भरून यावी, म्हणून शरीर टिकवणाऱ्यांनी तो ठेवलेला. ज्या साठ्यात हा रामसेस सापडला, त्याच साठ्यात 18-20 वर्षांच्या एका अनामिक तरुणाची ममी होती. तिच्या पोटातले अवयव काढलेले नव्हते आणि अंगावर बकऱ्याचं कातडं होतं, जे विधीच्या दृष्टीनं अशुद्ध मानत. त्याचा डीएनए रामसेसच्या मुलाला शोभेल असा जुळला. तोच पेंतावेरे असावा असं अभ्यासक म्हणतात. 'आहे' म्हणत नाहीत, 'असावा' म्हणतात.

सेकेनेनरे ताओचंही तसंच. उत्तरेतल्या हिक्सोस राज्यकर्त्यांशी लढणारा हा दक्षिणेचा राजा. त्याच्या डोक्यावरच्या भयंकर जखमा 1886 पासून ठाऊक होत्या. तो लढाईत पडला की झोपेत मारला गेला, एवढाच वाद होता. 2021 मध्ये स्कॅनचे निष्कर्ष आले तेव्हा तिसरी शक्यता पुढे आली : हात मागे बांधलेले असताना अनेकांनी वेगवेगळ्या हत्यारांनी समोरून वार केले असावेत. काही जखमा शरीर टिकवणाऱ्यांनी लेप भरून झाकल्या होत्या, त्याही दिसल्या.

ही तपासणी देशाच्या स्वाभिमानाशीही जोडलेली आहे. 1976 मध्ये दुसऱ्या रामसेसच्या ममीला बुरशी लागली म्हणून ती पॅरिसला न्यावी लागली. विमानतळावर फ्रान्सनं तिला लष्करी मानवंदना दिली, गॅमा किरणांनी बुरशी मारली आणि ममी परत आली. आज इजिप्तची भूमिका अशी, की राजांच्या शरीरांवरचं काम इजिप्तच्या मातीत, इजिप्तच्या प्रयोगशाळांत व्हावं. डीएनएची पहिली प्रयोगशाळा तहरीरच्या संग्रहालयाच्या तळघरात उभी राहिली, दुसरी कैरो विद्यापीठात. पैशाचा मोठा वाटा अमेरिकी दूरचित्रवाणी वाहिनीनं उचलला. त्यामुळे शोध आधी पडद्यावर की आधी शास्त्रीय नियतकालिकात, अशी कुरबुरही झाली.

आता तुतनखामेन. जानेवारी 2005 मध्ये राजांच्या दरीतच फिरतं यंत्र आणून त्याचं स्कॅन झालं, सुमारे 1700 प्रतिमा निघाल्या. वय 19 च्या आसपास. डोक्यात घाव घालून खून झाला, ही वर्षानुवर्षं चघळलेली कथा तिथंच संपली. डाव्या मांडीचं हाड मात्र मोडलेलं होतं, बहुधा मृत्यूच्या थोडं आधी.

फेब्रुवारी 2010 मध्ये अमेरिकेच्या 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात डीएनएचा अहवाल आला. तुतनखामेनचे आईवडील सख्खे भाऊबहीण होते. त्याचा डावा पाय अधू होता, पावलाची काही हाडं रक्त न पोचल्यानं मेलेली होती. त्याच्या कबरीत सव्वाशेच्या वर काठ्या निघाल्या होत्या, त्यांतल्या काही वापरून झिजलेल्या. आणि त्याच्या शरीरात फॅल्सिपॅरम या घातक जातीच्या मलेरियाच्या जंतूचे जनुक सापडले. अहवालाचा निष्कर्ष असा, की दुबळं शरीर, मोडलेला पाय आणि मलेरिया या सगळ्यांनी मिळून हा राजा गेला.

त्यावर टीका लगेच सुरू झाली. वाळवंटाच्या उष्णतेत इतका जुना डीएनए टिकतो का? शंभर वर्षांत ज्यांनी ज्यांनी ममी हाताळली त्यांचाच तर तो नाही? सगळ्यात विचार करायला लावणारं पत्र मात्र जर्मनीतून, हॅम्बर्गच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेतल्या दोन शास्त्रज्ञांनी लिहिलं. मलेरियाच्या प्रदेशात तरुण मुलाच्या पावलाची हाडं मेलेली दिसली, तर आधी संशय सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा घ्या, असं ते म्हणाले. शंका हवेतली नव्हती. इजिप्तमधल्याच, राजघराण्यांच्याही आधीच्या काळातल्या ममींत सिकलसेलचा जनुक सापडल्याचं इटलीतल्या संशोधकांनी 1999 मध्ये दाखवलं होतं. तुतनखामेनबाबत शिक्कामोर्तब आजही नाही.

हे वाचलं आणि मला मेटीखेडा, जोडमोहा आठवलं. जगातल्या सगळ्यात प्रसिद्ध प्रेताला झालेला असावा असा संशय असलेला आजार आपल्या तालुक्यातल्या कोलाम, गोंड, परधान वस्त्यांत घरोघर ठाऊक आहे, आणि तो तेवढ्या समाजांपुरताही नाही. विदर्भात अनुसूचित जातींत आणि इतर समाजांतही तो आहे. नागपूर भागात 1950 च्या दशकातच तो डॉक्टरांच्या लक्षात आला होता. सांधे ठणकतात, पोर सारखं आजारी पडतं, रक्त भरावं लागतं, आणि घरचे म्हणतात वात आहे, नाहीतर बाहेरचं काही झालंय. रक्तातली तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिनीत अडकते आणि पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही. पावलाचं हाड मरतं ते असं.

हिशेब सोपा आहे. एका पालकाकडून दोष आला तर माणूस वाहक होतो. त्याला सहसा त्रास नसतो, उलट मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं. म्हणूनच मलेरियाच्या मुलखात हा दोष हजारो वर्षं टिकला. दोघेही पालक वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता आजाराची. जवळच्या नात्यात लग्न झालं की दोन्हीकडून एकच दोष येण्याचा धोका वाढतो. फेरोंनी राजरक्त शुद्ध ठेवायला बहिणींशी लग्नं केली, आपल्याकडे मामाची मुलगी हक्काची मानतात. इजिप्तच्या खेड्यांतही चुलत घराण्यात लग्नं आजही सर्रास होतात.

राजाच्या हाडात सुई घालून, दोन प्रयोगशाळा उभ्या करूनही जे ठरलं नाही, ते जिवंत माणसाच्या बाबतीत रक्ताच्या थेंबावर ठरतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी साधी चाचणी होते, संशय आला तर पक्की तपासणी. जुलै 2023 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी ठरली होती आणि निर्मूलनाचं उद्दिष्ट 2047 चं आहे. आजार निघाला तर हायड्रॉक्सीयुरिया हे औषध आहे, लसी आहेत, भरपूर पाणी आणि वेळेवर उपचार यांनी माणूस नीट जगतो.

ममीच पाहायची असेल तर कैरोला यायची गरज नाही. हैदराबादच्या राज्य संग्रहालयात एक आहे, बडोद्याला सयाजीबागेतल्या संग्रहालयात दुसरी. पण त्याआधी एक काम करा. घरात लग्नाचं वय झालेली मुलं-मुली असतील तर सोयरीक जुळवण्याआधी दोघांचीही सिकलसेलची चाचणी करून घ्या. आश्रमशाळेतल्या गुरुजींनी आणि आशाताईंनी पालकसभेत हा विषय काढावा, एवढी माझी कळंबकरांना विनंती आहे.