डिझेलच्या टाकीतील पाणी

शिडाच्या होडीला इंजिन कशासाठी, असा प्रश्न किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वारा हेच जिचे बळ, तिला तेलाची गरज ती काय? परंतु आजच्या बहुतेक सागरगामी शिडाच्या नौका आपल्या पोटात एक लहानसे डिझेल इंजिन बाळगतात. गोव्यातील दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० साली एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्या नौकेतही असे इंजिन होतेच. मोकळ्या समुद्रात ते दिवसचे दिवस स्वस्थ बसून राहील; पण वारा पडला, वाळूच्या बांधाला वळसा घालून नदीच्या मुखातून आत शिरावयाचे झाले, किंवा गर्दीच्या धक्क्याला लागावयाचे झाले, की नाविकाचा हात प्रथम इंजिनाच्या किल्लीकडे जातो.

नेमक्या अशाच वेळी ते इंजिन दोन आचके देऊन बंद पडते, आणि पुष्कळदा त्यामागे टाकीतील पाणी असते. याला दैवाचा खेळ म्हणण्याचे कारण नाही. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो भरते. एक लिटर डिझेलचे सुमारे ८४० ग्रॅम. दोहोंचे मिश्रण होत नाही आणि जड पाणी तळाशी बसते. इंजिनाकडे तेल नेणाऱ्या नळीचे तोंड तळापासून थोडे वर ठेवलेले असल्यामुळे, होडी धक्क्याशी शांत उभी असेपर्यंत या पाण्याचा मागमूस लागत नाही. बंदरात चालवून पाहिलेले इंजिन निर्दोष वाटते. परंतु लाटांनी होडी उसळू लागली की तळचे पाणी आणि त्याबरोबरचा गाळ ढवळून वर येतो, आणि नळी तेलाऐवजी तेच ओढून घेते. संकट येते ते संकटाच्याच वेळी, याचे रहस्य एवढेच आहे.

डिझेल इंजिनातील तेल हे केवळ जळण नसते. तेल दाबाने फवारणाऱ्या पंपाचे भाग एकमेकांत इतके घट्ट बसवलेले असतात, की त्यांच्यामधील फट काही सहस्रांश मिलिमीटरच असते. आणि त्या फटीत वंगणाचे काम डिझेलच करते. तेथे पाणी शिरले म्हणजे वंगण नाहीसे होते, पोलाद घासते, आणि इंजिन काही दिवस पडून राहिले तर गंजते. खारे पाणी असेल तर विचारावयासच नको.

दुसरा उपद्रव जिवंत आहे. तेल आणि पाणी जेथे एकमेकांस टेकतात, त्या सीमेवर काही जीवाणू व बुरशी वाढतात. पाण्यात राहावे आणि वरचे तेल खावे, असा त्यांचा संसार असतो. त्यातून तपकिरी-काळा बुळबुळीत गाळ तयार होतो. तो गाळणीची छिद्रे बुजवतो आणि त्यातील आम्लामुळे धातूच्या टाकीचा तळ झिजतो. जंतुनाशक औषध घातल्याने हे जीव मरतात, पण त्यांचा मळ टाकीतच राहतो. आणि पाणी उरले तर नवी वस्ती पुन्हा उभी राहते. पाणी नसेल तर मात्र त्यांना वाढता येत नाही. म्हणजे खरा उपाय पाण्याला आत येऊ न देणे हाच.

मग पाणी येते कोठून? दमट हवेतील बाष्प थंड टाकीत थिजते, म्हणून टाकी नेहमी काठोकाठ भरून ठेवावी, असा सर्वत्र समज आहे. तो खोटा नाही. पण त्याचे माप घेऊन पाहावे. १०० लिटरची टाकी अर्धी रिकामी आहे असे धरले, तर आत ५० लिटर हवा राहील. दिवसरात्रीच्या १० अंशांच्या फरकाने त्यातील सुमारे दीड लिटर हवा आतबाहेर होईल. ३० अंश तापमानाच्या पूर्ण दमट हवेत १,००० लिटरमागे सुमारे ३० ग्रॅम बाष्प असते. या हिशेबाने, आत येणारे सारे बाष्प थिजले तरी पावसाळ्याच्या चार महिन्यांत जेमतेम एक चमचाभर पाणी जमेल. ज्या टाकीतून लिटरभर पाणी निघते, तिथला चोर हवेतून आलेला नसतो. तो दारातूनच आलेला असतो.

असे पहिले दार म्हणजे डेकवरील तेल भरण्याचे झाकण. पुष्कळ होड्यांत ते चालण्याच्या वाटेवर, बरोबर पाणी साचण्याच्या जागी बसवलेले असते. त्याखालचे रबरी कडे उन्हाने कडक होते, त्याला चिरा पडतात, आणि मुसळधार पाऊस वा डेकवरून वाहणारी लाट थेंबाथेंबाने खाली उतरते. हे कडे अल्प किमतीत मिळते. ते दरवर्षी पावसाळ्यापूर्वी बदलावे. गोड्या पाण्याच्या टाकीचे झाकणही तसेच दिसत असल्यास दोहोंस वेगळे रंग द्यावेत. घाईत डिझेलच्या तोंडात पाण्याचा पाइप लावण्याची चूक अनुभवी माणसांकडूनही झालेली आहे.

दुसरे दार म्हणजे टाकीच्या हवेची नळी. तिचे तोंड होडीच्या कुशीत असेल, तर वाऱ्याने होडी कलताच ते लाटांखाली जाते. ही नळी प्रथम शक्य तितकी उंच न्यावी, मग वळवून तिचे तोंड खाली पाहील असे, आणि लाटांपासून आडोशाच्या जागी ठेवावे.

तिसरे दार म्हणजे खुद्द विकत घेतलेले तेल. पिंपातील वा कॅनमधील तेल काही तास स्थिर राहू द्यावे, तळचे दोन बोटे तेल टाकीत ओतू नये, आणि पाणी अडवणाऱ्या जाळीचे नरसाळे वापरावे. जैवडिझेल मिसळलेले तेल साध्या डिझेलपेक्षा अधिक पाणी धरून ठेवते; असे तेल फार काळ साठवू नये.

इतके करूनही पाहणी सोडू नये. पेट्रोल पंपावर गजाला जे मलम लावून टाकी तपासतात, तेच येथेही उपयोगी पडते. पाण्याचा स्पर्श होताच त्याचा रंग पालटतो. टाकीच्या सर्वांत खोल कोपऱ्यात नळी सोडून हातपंपाने थोडे तेल पारदर्शक बरणीत काढावे आणि स्वच्छ तेल येईपर्यंत काढीत राहावे. टाकी व इंजिन यांच्यामध्ये पाणी वेगळे करणारी गाळणी असावी आणि तिच्या खालची तोटी प्रत्येक सफरीपूर्वी उघडून पाहावी. मात्र काढलेले तेलकट पाणी समुद्रात ओतू नये. ते डब्यात भरून बंदरावर द्यावे.

गाळणी ही शेवटची राखणदार आहे. तिच्या भरवशावर दारे उघडी टाकणे शहाणपणाचे नव्हे. ही सारी कामे अर्ध्या दिवसाची आहेत, आणि ती शांत पाण्यात, धक्क्याला बांधलेल्या होडीतच होऊ शकतात. नदीच्या मुखाशी खडक जवळ येत असताना इंजिन थांबले, तर गाळणी उघडण्यास तेथे ना वेळ असतो, ना हात स्थिर असतो.