पटसंख्या : आकडा आणि क्रियापद

अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांतील भेद तुम्हांला परिचित आहे. हा भेद केवळ व्याकरणापुरता नसतो. समाजविषयक विधाने वाचतानाही तो उपयोगी पडतो. 'महापालिका शाळांची पटसंख्या घटली' हे वाक्य पाहा. 'घटणे' हे अकर्मक क्रियापद आहे. उन्हाळ्यात नदीचे पाणी घटावे तसा पट आपोआप घटला, असा बोध त्यातून होतो. हा बोध कितपत खरा आहे, हे कोल्हापूरच्या आधारे तपासू.

२०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर हे सुमारे साडेपाच लाख लोकवस्तीचे, म्हणजे मध्यम आकाराचे शहर आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये आपल्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले आणि मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठरवला. मूल शाळेत येते की नाही, हा तेव्हाचा प्रश्न होता. आज मूल कोणत्या शाळेत जाते, हा प्रश्न आहे.

पट बदलण्याची कारणे एकाच प्रकारची नाहीत.

१. जन्मदर : २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आढळला. मुलेच कमी जन्मली, तर सर्वच शाळांचा पट उतरतो. येथे 'घटली' हे क्रियापद यथार्थ आहे.

२. पालकांची निवड : इंग्रजी माध्यमाकडे ओढा वाढला. येथे पट घटत नाही. तो एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जातो.

३. शासकीय निर्णय : २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांची वाट सुकर केली. येथे कर्ता आहे. वाक्यात मात्र तो दिसत नाही.

४. मोजणी : ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या काळात राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा हजेरीपटावरील अनेक नावे प्रत्यक्ष वर्गात सापडली नाहीत. अशा वेळी मूल नव्हे, केवळ नोंद कमी होते.

या भेदाला व्यवहारात मोठे मोल आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या ६० मुलांना दोन शिक्षक मिळतात, ६१ मुलांना तीन. एक मूल गेले की एक शिक्षक जाऊ शकतो. मग दोघांनी पाच वर्ग सांभाळायचे. ते पाहून आणखी एखादा पालक दाखला काढतो. ज्यांना दुसरीकडची फी परवडत नाही, त्यांची मुले मागे उरतात. म्हणजे परिणामच पुढच्या घटीचे कारण बनतो.

हे चक्र अटळ मात्र नाही. कोल्हापुरातच जरगनगर येथील महापालिकेच्या शाळेत गुढीपाडव्याला प्रवेशासाठी पालकांची रांग लागते. शाळा सरकारी आहे म्हणून पालक दूर जातात, हे अनुमान तेथे टिकत नाही.

म्हणून 'शाळा बंद पडली' असे वाचनात आले, तर 'पडली की पाडली?' असा प्रश्न विचारावा. कर्ता शोधल्याशिवाय उपायही सापडत नाही.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एका शाळेच्या गेल्या पाच वर्षांच्या पटाची माहिती मिळवा. त्यातील बदल वरीलपैकी कोणत्या कारणांनी झाला, ते कर्ता स्पष्ट करणाऱ्या पाच वाक्यांत लिहा.