दोरीची गाठ

कॉर्सिका बेटावरच्या बास्तिया या छोट्या फुटबॉल क्लबाच्या चढउतारावर लिहा, असा संपादकांचा फोन आला. मी राहतो गडमुडशिंगीत. विमानतळ शिवारालाच लागून आहे खरा, पण कॉर्सिकाचं विमान काही तिथून सुटत नाही. म्हणून केएमटीची बस धरली आणि कोल्हापूरचं शाहू स्टेडियम गाठलं.

दुपारच्या सामन्याला अजून वेळ होता. मैदानावर एक मामा एकटेच फक्की मारत होते. एक खुंटी, एक जुनाट दोरी, चुन्याची बादली. मधोमध खुंटी ठोकून त्यांनी दोरी ताणली आणि गाठीवर बोट ठेवून उलटे चालत फिरले. मागं पांढरं वर्तुळ उमटत गेलं. मग तीच खुंटी पेनल्टीच्या ठिपक्यावर, गाठही तीच, आणि बॉक्सबाहेरची कमान तयार. दोन्हीची त्रिज्या ९.१५ मीटरच असते, हे इतकी वर्षं सामने बघूनही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तुमची पेठ कोणती म्हणून विचारलं, तर नुसते हसले. या शहरात हा प्रश्न साधा नाही.

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन १९४० सालची. कागदोपत्री इतिहास तिथं मिळेल. खरी गोष्ट संघांच्या नावांतच आहे: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. लाल मातीतली ईर्षा पोरांनी तशीच उचलून हिरवळीवर आणली. मंगळवार पेठेचं पाटाकडील आणि शिवाजी पेठेचं शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले, की दोन्ही पेठांत त्या दिवशी दुसरा विषय नसतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

तालमीच्या संघाला मालक नसतो. याचं मोल मुंबईकडं बघितलं की कळतं. महिंद्रा युनायटेड १९६२ पासूनचा संघ. २००३ आणि २००५ साली फेडरेशन चषक, २००५-०६ ला राष्ट्रीय लीग. आणि २०१० मध्ये कंपनीनं ठरवलं, संघ बंद! हरला म्हणून नव्हे, धोरण बदललं म्हणून. मला आजही ते पचत नाही. पुणे एफसी २०१२-१३ ला आय-लीगमध्ये दुसरा आला होता; तोही आता नाही.

बास्तियाची गत निराळी. १९७८ साली हा चिमुकला क्लब यूएफा चषकाच्या अंतिम फेरीत गेला. घरच्या मैदानावर ०-०, परतीच्या सामन्यात आइंडहोव्हनकडून ०-३. १९८१ ला फ्रेंच चषक. मग ५ मे १९९२: त्याच चषकाच्या उपांत्य सामन्यासाठी घाईनं उभारलेला तात्पुरता स्टँड कोसळला, माणसं मेली, हजारो जखमी झाली. २०१७ मध्ये पैशाचं दिवाळं निघून क्लब थेट पाचव्या श्रेणीत गेला. पण गावानं सोडला नाही. २०२१ ला तो दुसऱ्या श्रेणीत परत आला.

म्हणजे तालमींना धोका नाही? धोका आहे, फक्त तो घरातूनच येतो. चषकाच्या बक्षिसासाठी आफ्रिकेतले खेळाडू आणले जातात. त्यांचा खेळ बघायला मलाही आवडतं, पण त्या जागेवर गल्लीतलं एक पोरगं बाकावर बसलेलं असतं. त्यात गॅलरी. गोल झाला की हलगी, आणि पंचांचा निर्णय पटला नाही की शिवी, बाटली, कधी दगड. सामना थांबतो, पोलीस येतात. पोराला मैदानावर धाडायचं की नाही, असा विचार मग आयाबाया करू लागतात. ज्या ईर्षेनं हा खेळ जगवला, ती गॅलरीतून खाली उतरली की खेळ उरत नाही.

मी गेलो त्या दिवशी तसं काही झालं नाही. मध्यंतरापर्यंत बुटांखाली मधलं वर्तुळ मात्र निम्मं पुसलं होतं. मामा बादली घेऊन पुन्हा आत गेले. खुंटीचं भोक त्यांना न शोधताच सापडलं.