आकाशातून शहर – भाग ५ : वर्षभरात एकदाही हिरवी न होणारी जमीन

ताजे पान तांबडा प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश मोठ्या प्रमाणात परत पाठवते, हे आपण मागच्या भागात पाहिले. या दोहोंवरून काढलेला 'एनडीव्हीआय' हा हिरवाईचा निर्देशांक घेऊन आज पुण्याकडे वळू.

पुण्याच्या पूर्वेला मगरपट्ट्यात २००० पर्यंत ऊस डोलत होता. आज तिथे नगर उभे आहे. पश्चिमेला हिंजवडीच्या शेतजमिनींवर आयटी पार्क आले. १९८४ ते २०१३ या काळात काम करणाऱ्या लँडसॅट-५ या उपग्रहाने हे स्थित्यंतर टिपले. त्याच्या चित्रातला एक ठिपका म्हणजे ३० मीटर बाय ३० मीटर, सुमारे नऊ गुंठे जमीन. २०१५ पासून सेंटिनेल-२ उपग्रहाचा ठिपका साधारण एका गुंठ्यावर आला. दोन्हींची चित्रे आज कोणालाही मोफत मिळतात.

मग जुने आणि नवे चित्र शेजारी ठेवले की काम झाले? नाही. खरी अडचण आपल्या ऋतूंची आहे. एप्रिलमध्ये पुण्याभोवतीची शेते रिकामी असतात, टेकड्यांवरचे गवत वाळते, खालचा काळा कातळ उघडा पडतो. उघडी माती आणि काँक्रीट दोन्ही निकट-अवरक्तापेक्षा लघुतरंग-अवरक्त प्रकाश जास्त परावर्तित करतात. त्यामुळे बांधकाम ओळखणारे सूत्र नांगरलेल्या शेतालाही इमारत समजते. जुने चित्र नोव्हेंबरचे आणि नवे एप्रिलचे घेतले, तर शहर आहे त्यापेक्षा कितीतरी फुगलेले दिसेल.

यावर चांगला उपाय म्हणजे वर्षभरातली सगळी ढगविरहित चित्रे घेऊन प्रत्येक ठिपक्याचा सर्वाधिक एनडीव्हीआय पाहणे. शेत खरिपात नाहीतर रब्बीत हिरवे होते. टेकडीवरचे गवत ऑक्टोबरमध्ये आभाळ मोकळे होईपर्यंत हिरवेपण धरून असते. पाणी वगळले, तर वर्षभरात एकदाही हिरवा न होणारा ठिपका बहुधा बांधकामाचा, रस्त्याचा किंवा खाणीचा असतो. उलट चूकही होते: प्रभात रोडवरच्या जुन्या झाडांखाली लपलेले बंगले हिरवाईत मोजले जातात. म्हणून निवडक ठिपके प्रत्यक्ष जागेवर जाऊन किंवा अधिक स्पष्ट चित्रांवर पडताळावेच लागतात.

ही काटेकोर पडताळणी केवळ अभ्यासकांच्या समाधानासाठी नाही. पुणे महापालिकेत समाविष्ट झालेल्या गावांतल्या टेकड्यांवर जैववैविध्य उद्यानाचे आरक्षण आहे, आणि त्यांच्या कडेने बांधकामाचा रेटाही आहे. एप्रिलच्या चित्रावरून अशी टेकडी 'बांधकाम' किंवा 'पडीक' म्हणून नकाशात गेली, तर तिचे गवताळ रान कागदावर आधीच संपते. पुढे तिथे खरोखर इमारत आली, तरी हिरवाई घटल्याची नोंद होत नाही. गवताळ टेकडी उन्हाळ्यात तपकिरी असते. ती ओसाड नसते. हा भेद जो नकाशा करत नाही, त्याच्या आधारे शहराचा आराखडा आखू नये.

तेव्हा शहराच्या वाढीचा नकाशा समोर आला, की दोन प्रश्न जरूर विचारा: मूळ चित्रे कोणत्या महिन्यांतली आहेत, आणि जमिनीवरची पडताळणी किती ठिकाणी झाली? उत्तर नकाशावरच छापलेले असावे, हा आग्रह आपण नागरिकांनीच धरायला हवा.

(पुढील भागात : ऐन पावसाळ्यात ढगांपलीकडचे पाहणारे रडार)