कळीचा चुना : मुलांस सांगता येईल असा परिचय

चुन्यावर पाणी घातले असता तो उकळतो कां, असे मूल विचारते आणि आपण त्यास गप्प बसवितो. वास्तविक उत्तर सोपे आहे.

कॅल्शियम हा एक धातू आहे. हम्फ्री डेव्ही याने तो सन १८०८ त प्रथम वेगळा केला. या धातूचा प्राणवायूशी संयोग म्हणजे कळीचा चुना, अर्थात कॅल्शियम ऑक्साइड होय. चुनखडी सुमारे ९०० अंश उष्णतेवर भाजली म्हणजे तो मिळतो. १०० किलो शुद्ध चुनखडीपासून कळी मात्र ५६ किलोच निघते. बाकीचे ४४ किलो गेले कोठे, हे मुलास अवश्य विचारावे. ते कार्बन डाय-ऑक्साइड वायू होऊन हवेत जातात. जमाबंदीच्या कागदांत आयुष्य गेलेल्या प्रस्तुत लेखकास हा चोख जमाखर्च फार आवडतो.

त्या ५६ किलो कळीने १८ किलो पाणी शोषिले की ७४ किलो विरलेला चुना होतो, व त्या संयोगात एवढी उष्णता सुटते की उरलेले पाणी खदखदू लागते. विरलेल्या चुन्याच्या स्वच्छ निवळीत नळीने फुंकर घातल्यास ती दुधाळ होते. कारण श्वासातील तोच वायू मिळून पुन्हा चुनखडी बनते. हा प्रयोग वडील माणसानेच करून दाखवावा, कारण निवळी तोंडात जाणे बरे नव्हे.

याहून मोठे भय डोळ्यांचे. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी मुले दाबून खेळतात; ती फुटून चुना डोळ्यांत गेला तर दृष्टी कायमची जाऊ शकते. अशा वेळी डोळा चोळू नये. तेल, दूध वा लिंबू घालू नये. कण हलकेच काढून वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा व तात्काळ नेत्रवैद्याकडे जावे. पुडी मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणेच गैर, असे आमचे स्पष्ट मत आहे.

शेताविषयी थोडेसे. कोकणातील आम्ल जांभ्या जमिनीस चुना मानवतो. देशावरील काळ्या जमिनीत तो बहुधा मुळचाच असल्यामुळे वर घालण्याचे कारण नाही. द्राक्षावरील केवड्यास बोर्डो मिश्रण करितात, त्यांत १०० लिटर पाण्यास १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना लागतो. दोन्ही निरनिराळ्या पाण्यांत, धातूचे नसलेल्या भांड्यांत भिजवून मग एकत्र करावीत. मिश्रणांत घासलेला लोखंडी विळा क्षणभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस लेप चढल्यास चुना कमी पडला असे समजून आणखी निवळी घालावी.