कूस बदलली की घर का फिरतं?

आई फोनवर सांगते, "कूस बदलली की घर फिरतं," आणि आपण इथून बीपी तपासायला सांगतो. पण कूस बदलल्यावर येणारी, मिनिटभरात थांबणारी गरगर बहुधा कानातली असते.

आतला कान ऐकतो तसाच तोलही सांभाळतो. तिथल्या एका पिशवीत चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म खडे असतात. त्यांच्या वजनावरून खाली कुठे ते कळतं. वयामुळे किंवा डोक्याला मार लागून काही खडे सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकांपैकी बहुतेकदा मागच्या नलिकेत घरंगळतात. मग डोकं स्थिर झालं तरी ते खाली सरकत नलिकेतला द्रव हलवत राहतात. मेंदूला वाटतं, अजून फिरतोय. बुबुळंही थरथरतात, आणि १९५२ पासूनच्या डिक्स-हॉलपाइक चाचणीत डॉक्टर नेमकं तेच बघतात.

चक्करेच्या गोळ्यांनी खडे जागचे हलत नाहीत. पोर्टलंडच्या जॉन एपली यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या पद्धतीत डोकं ठराविक क्रमाने वळवून ते पिशवीत परत उतरवतात. काम गुरुत्वाकर्षणच करतं! तेव्हा आईला कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवा. मानेचं दुखणं असेल तर तेही त्यांना आधी सांगायला हवं.

मात्र बोलणं अडखळलं, एकाचे दोन दिसले किंवा चालताच येईना, तर थेट रुग्णालय गाठायला सांगा.